बंदूककाम, हौशी

बंदूक, रायफल वा पिस्तूल बाळगणाऱ्याने आपल्या शस्त्राची स्वतः ठेवलेली निगा, त्यातील दोषांचे केलेले निवारण व आपल्या गरजेनुसार त्यात केलेले फेरबदल, यांस हौशी बंदूककाम म्हणतात. हेच काम उपजीविकेसाठी करणाऱ्या कारागिरास बंदूककार अशी संज्ञा आहे. नेमबाजी, शिकार आणि जुन्या शस्त्रांचा संग्रह या तीन आवडींतून हा छंद वाढला. खाजगी मालकीच्या बंदुका विपुल असल्यामुळे आणि मालकाने स्वतःच्या शस्त्रावर काम करण्यास कायद्याचा सामान्यतः अडसर नसल्यामुळे तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) सर्वांत अधिक रुजला. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व यूरोपीय देश यांतही त्याचे अनुयायी आहेत. परंतु तेथे परवान्याची बंधने अधिक कडक आहेत.

फेरबदलांच्या दृष्टीने बंदुकीच्या भागांचे दोन वर्ग पडतात. नळी, काडतूस बसण्याची कोठी, कोठी मागून बंद करणारा बोल्ट आणि या सर्वांना एकत्र धरणारा सांगाडा म्हणजे रिसीव्हर, हे दाब सहन करणारे भाग होत. दस्ता, नेम धरण्यासाठी असलेली पुढची माशी व मागची खाच, दुर्बीण, पट्टा इ. भाग शस्त्राची माणसाशी सांगड घालणारे होत. दुसऱ्या वर्गातील काम चुकले, तर नेम चुकतो किंवा लाकूड वाया जाते. पहिल्या वर्गातील काम चुकले, तर शस्त्र फुटून डोळा, हात वा प्राणही जाऊ शकतो. चाप व त्याची यंत्रणा दोन्ही वर्गांच्या सीमेवर येते. हौशी बंदूककामाचा इतिहास बव्हंशी ही सीमा ओळखण्याचा इतिहास आहे.

दाब व त्याचे नियंत्रण : .३०-०६ या परिचित अमेरिकन रायफल-काडतुसातील दारू पेटली म्हणजे कोठीतील वायूंचा दाब सु. ४,००० वातावरणांपर्यंत चढतो. सामान्य १२ बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीत तो सु. ८०० वातावरणांच्या आत असतो. हा दाब सेकंदाच्या काही सहस्रांश भागात चढतो व उतरतो. तेवढ्या अवधीत काडतुसाचे पितळी कवच फुगून कोठीच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायूंना मागे येऊ देत नाही. कवचाच्या बुडाला मात्र बोल्टच्या तोंडाखेरीज दुसरा आधार नसतो. म्हणून बोल्टचे तोंड आणि कोठीत काडतूस जेथे अडून राहते ती जागा, यांमधील अंतर अचूक असावे लागते. हे अंतर हेडस्पेस या नावाने ओळखले जाते. ते वाजवीपेक्षा अधिक असल्यास कवच मागे ताणले जाऊन बुडाजवळ तुटते व तप्त वायू नेमबाजाच्या तोंडाकडे उसळतात. ते कमी असल्यास बोल्ट बंद होत नाही. या अंतराची तपासणी पोलादी मापकांच्या जोडीने करतात. एका मापकावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. नळी किंवा बोल्ट बदलल्यावर ही तपासणी अपरिहार्य असते.

दाब सहन करण्याची क्षमता सिद्ध करून घेण्याची पद्धत जुनी आहे. लंडनच्या बंदूककारांच्या संघास १६३७ मध्ये राजाची सनद मिळाली आणि त्याच्याकडे नळ्यांच्या चाचणीचे काम आले; बर्मिंगहॅम येथील चाचणीगृह संसदेच्या कायद्याने १८१३ मध्ये स्थापन झाले. चाचणीत नेहमीपेक्षा अधिक दाबाचे काडतूस उडवून उत्तीर्ण शस्त्रावर ठसा उमटवितात. दाब सहन करणाऱ्या भागात नंतर फेरफार करून नळी कमकुवत झाल्यास ब्रिटनमध्ये शस्त्र विकण्यापूर्वी त्याची फेरचाचणी करावी लागते. यूरोपातील अनेक देशांची चाचणीगृहे १९१४ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या मानकांनुसार चालतात. अ. सं. सं.मध्ये सरकारी चाचणीगृह नाही. तेथे १९२६ मध्ये स्थापन झालेल्या उत्पादकांच्या संस्थेने ठरविलेली मानके कारखाने स्वेच्छेने पाळतात. त्यामुळे फेरबदल केलेल्या शस्त्राच्या सुरक्षिततेची जबाबदारी तेथे मालकावर व बंदूककारावर अधिक पडते.

लष्करी रायफलींचे रूपांतर : हौशी बंदूककामाचा सर्वांत समृद्ध अध्याय म्हणजे सैन्याने टाकून दिलेल्या रायफलींचे शिकारी रायफलींत रूपांतर. अमेरिकेत १९०३ मध्ये नागरिकांच्या नेमबाजीस उत्तेजन देण्यासाठी राष्ट्रीय मंडळ नेमण्यात आले आणि १९०५ च्या कायद्याने जादा लष्करी रायफली नेमबाजी मंडळांना विकण्याची तरतूद झाली. प्रथम क्रॅग-यॉर्गनसेन व नंतर स्प्रिंगफील्ड १९०३ या रायफली नागरिकांच्या हाती आल्या. राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट यांनी स्प्रिंगफील्ड शस्त्रागाराकडून अशी एक रायफल शिकारीसाठी खास तयार करवून घेतली होती व १९०९ च्या आफ्रिकेतील सफरीत ती सोबत नेली होती. न्यूयॉर्क येथे १९२३ मध्ये स्थापन झालेल्या ग्रिफिन अँड हौ या पेढीने स्प्रिंगफील्ड व माउझर रायफलींना अक्रोडाच्या लाकडाचे सुबक दस्ते चढवून या कामास कलाकुसरीचा दर्जा मिळवून दिला. ज्यांना अशी रायफल परवडत नसे, त्यांनी तेच काम घरच्या ओट्यावर आरंभिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन माउझर ९८, ब्रिटिश ली-एन्फील्ड, जपानी आरिसाका इ. रायफली अत्यल्प किंमतीस उपलब्ध झाल्या. टपालाने मागविलेली रायफल घट्ट तेलकट वंगणात माखलेली येई. ते धुऊन काढणे, लांब लष्करी दस्ता कापून लहान करणे, संगीन अडकविण्याची खुंटी काढणे, नळी आखूड करणे, बोल्टची मूठ वाकवून दुर्बिणीस जागा करणे आणि शेवटी पोलादास निळसर काळी झिलई देणे, असा कामाचा क्रम असे. माउझर ९८ ही रायफल यासाठी विशेष पसंत केली जाई. तिचा बोल्ट पुढे दोन व मागे एक अशा तीन कानांनी अडकतो. काडतुसाचे कवच वा त्याच्या बुडातील टोपी फुटल्यास वायू बाजूस सोडून देणारी छिद्रे तिच्या बोल्टला असतात. आणि तिची आकडी काडतूस पेटीतून निघताक्षणीच धरते. हे गुण नंतरच्या अनेक शिकारी रायफलींनी उचलले.

याच काळात धातूच्या अंतर्गत स्थितीविषयी दोन बोधप्रद गोष्टी पुढे आल्या. स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात आरंभी कारागीर तापलेल्या पोलादाचे तापमान त्याच्या रंगावरून नजरेने ठरवीत. लख्ख उजेडाच्या दिवशी पोलादाची लाली कमी भासे. त्यामुळे ते जरुरीपेक्षा अधिक तापविले जाई व ठिसूळ होई. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, असे काही रिसीव्हर फुटले, तेव्हा चौकशीत हे कारण उघडकीस आले. १९१८ मध्ये तापमापक उपकरणे बसविण्यात आली व दुहेरी उष्णतासंस्करण सुरू झाले. तथापि स्प्रिंगफील्ड येथील ८,००,००० व रॉक आयलंड येथील २,८५,५०७ या क्रमांकांखालील रायफली संशयास्पद ठरल्या. त्यांतील चांगली कोणती व ठिसूळ कोणती, हे बाहेरून ओळखता येत नाही. पुन्हा उष्णतासंस्करण करूनही जळालेले पोलाद पूर्ववत होत नाही. अमेरिकन सैन्यातील शस्त्रतज्ज्ञ ज्यूलियन हॅचर (१८८८–१९६३) यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हॅचर्स नोटबुक या ग्रंथात या प्रकरणाचे सविस्तर विवेचन आहे. कमी क्रमांकाच्या या रायफली संग्रहात ठेवाव्या, परंतु उडवू नयेत, असा सल्ला आजही दिला जातो.

दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. युद्धाच्या अखेरीस घाईने बनविलेल्या ओबडधोबड नमुन्यांवरून जपानी आरिसाका रायफल कमकुवत समजली जाई. कोलोरॅडो राज्यातील ट्रिनिडॅड येथे अध्यापन करणारे बंदूककार पी. ओ. ॲक्ली (१९०३–८९) यांनी निरनिराळ्या लष्करी रायफलींत क्रमाने दाब वाढवीत त्या फुटेपर्यंत चाचण्या घेतल्या. तीत सुरुवातीच्या बनावटीची ६·५ मिमी. आरिसाका सर्वांत चिवट ठरली. एका हौशी धारकाने अशा रायफलीची कोठी .३०-०६ काडतुसासाठी रुंद केली, पण नळी तशीच ठेवली. सु. ७·८ मिमी. व्यासाची गोळी सु. ६·७ मिमी. व्यासाच्या गोळीसाठी असलेल्या नळीतून जात होती. रायफल फुटली नाही. केवळ धक्का फार बसतो, अशी मालकाची तक्रार होती. या उदाहरणावरून रायफलीच्या बळाची प्रशंसा केली जाते. परंतु त्यातील खरा बोध वेगळा आहे. स्प्रिंगफील्डवर विश्वास ठेवणारा आणि ही आरिसाका वापरणारा, या दोघांसही आपल्या हातातील पोलादाची खरी अवस्था ठाऊक नव्हती. एकास अपघात झाला व दुसरा वाचला, हा फरक त्यांच्या कौशल्याचा नव्हता.

राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची १९६३ मध्ये टपालाने मागविलेल्या इटालियन कार्कानो रायफलीने हत्या झाली. त्यानंतर १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्याने अमेरिकेत आंतरराज्य टपालविक्री व जादा लष्करी शस्त्रांची आयात यांवर बंदी आली आणि स्वस्त रायफलींचा ओघ आटला. कारखान्यांच्या तयार शिकारी रायफलीही तोवर स्वस्त झाल्या होत्या. पुढे मूळ स्थितीतील लष्करी रायफलींना संग्राहकांत मोठी किंमत येऊ लागली. कापलेला दस्ता, छाटलेली नळी व घासून टाकलेले ठसे पूर्ववत करता येत नसल्याने रूपांतरित रायफल तिच्या अस्पर्श जोडीदाराहून पुष्कळच स्वस्तात जाते. त्यामुळे मूळ भाग जपून ठेवावा व परत फिरविता येणार नाही असा बदल ऐतिहासिक शस्त्रात करू नये, हा संकेत आता रूढ झाला आहे.

जुळणीक्षम शस्त्रे : १९६० नंतर कारखान्यांनीच अदलाबदल सुलभ होईल अशी रचना स्वीकारली. रूगर १०/२२ या १९६४ मध्ये बाजारात आलेल्या .२२ रायफलीची नळी आट्यांऐवजी एका पाचरीने व दोन स्क्रूंनी बसविलेली असल्यामुळे मालकाला ती घरी बदलता येते. यूजीन स्टोनर यांच्या आराखड्यावर आधारलेली एआर-१५ ही रायफल त्याच सुमारास नागरिकांसाठी विक्रीस आली. तिच्यात बोल्ट हा रिसीव्हरमध्ये न अडकता नळीच्याच मागील जोडभागात अडकतो. हा जोडभाग कारखान्यात बसविला जात असल्याने जुळणी पुष्कळ सोपी होते. दुर्बिणी व अन्य उपांगे बसविण्याच्या खाचदार पट्टीचे मानक अमेरिकन सैन्याने १९९५ मध्ये ठरविले व ते नागरी शस्त्रांतही रूढ झाले. ली-एन्फील्ड क्र. ४ या जुन्या रायफलीतही अशी एक सोय होती : तिच्या बोल्टची सुटी शीर्षे ० ते ३ अशा क्रमांकांची, थोड्याथोड्या वाढत्या लांबीची असत आणि योग्य क्रमांकाचे शीर्ष निवडून हेडस्पेस साधता येई. उत्पादकाने जेथे सोय ठेवली आहे तेथेच बदल करावा, हे तत्त्व या उदाहरणांतून दिसते.

दस्ता व नळी : अचूकता म्हणजे प्रत्येक गोळी उडताना शस्त्राची अवस्था तंतोतंत सारखी असणे. लाकडी दस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. तो नळीला एका बाजूने रेटू लागला की मारा सरकतो. यावर दोन उपाय आहेत. पहिल्यात रिसीव्हर व दस्ता यांमधील पोकळी काचतंतुमिश्रित एपॉक्सी रेझिनाने भरून रिसीव्हरला नेमके बैठक देतात. दुसऱ्यात दस्त्याची खोबण रुंद करून नळी पुढील भागात कोठेही न टेकता मोकळी राहील असे करतात. नळी व दस्ता यांमधून कागदाची पट्टी सरकवून ही मोकळीक पाहता येते. दस्त्याची लांबी व गालाखालील उंची नेमबाजाच्या अंगलटीनुसार साधल्यास डोळा आपोआप नेमरेषेत येतो. या कामात धोका कमी व लाभ मोठा असल्याने नवशिक्यास ते सर्वांत योग्य समजले जाते.

परिणाम मोजण्यासाठी रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून एकाच लक्ष्यावर गोळ्यांचा पुंजका पाडतात व त्याचा व्यास मोजतात. एक कला (अंशाचा साठावा भाग) एवढा कोन १०० मी. अंतरावर सु. २·९ सेंमी. लांबी व्यापतो. एका वेळी एकच बदल करून पुंजका पाहावा, असा नियम आहे. दोन बदल एकदम केल्यास गुण वा दोष कोणाचा हे कळत नाही. एकाच पुंजक्यावरून निष्कर्ष काढणे ही या छंदातील सर्वांत सामान्य चूक होय. पुष्कळदा दोष नळीचा नसून दुर्बिणीच्या सैल स्क्रूचा किंवा त्या रायफलीस न मानवणाऱ्या काडतुसाचा असतो.

चाप : चाप ओढला म्हणजे एक लहान पोलादी कड दुसरीवरून घसरते व आघातकाचा अडसर सुटतो. या कडा खरखरीत असल्यास चाप अडखळतो. त्या गुळगुळीत करण्याचा मोह हौशी कारागिरास हमखास होतो. परंतु अनेक शस्त्रांत या कडांचा कठीण थर अतिशय पातळ असतो. तो घासला गेला की खालचे मऊ पोलाद लवकर झिजते आणि शस्त्र आपटताच किंवा बोल्ट जोराने बंद करताच गोळी सुटू शकते. म्हणून कडा घासण्याऐवजी संपूर्ण तयार चापयंत्रणा बदलणे श्रेयस्कर मानतात. शिकारी रायफलीच्या चापाचा ताण सामान्यतः दीड ते दोन किग्रॅ. ठेवतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत १० मी. हवाई पिस्तुलाच्या चापास किमान ५०० ग्रॅ. व २५ मी. पिस्तुलाच्या चापास किमान १,००० ग्रॅ. ताण असावा लागतो.

दोषनिदान : शस्त्राचे कार्य ठराविक क्रमाने होते : काडतूस पेटीतून पुढे सरकणे, कोठीत बसणे, बोल्ट अडकणे, गोळी उडणे, रिकामे कवच ओढले जाणे, ते बाहेर फेकले जाणे व आघातक पुन्हा सज्ज होणे. दोष यांपैकी कोणत्या पायरीवर आहे हे आधी ठरविल्यास निम्मे काम होते. काडतूस वर येताना अडकत असल्यास पेटीच्या वाकलेल्या कडा किंवा थकलेली स्प्रिंग प्रथम पाहावी. कवच निघत नसल्यास कोठीतील मळ वा गंज आणि आकडीची झीज तपासावी. चाप ओढूनही बार न झाल्यास टोपीवरील खळगा पाहावा. तो उथळ असल्यास आघातक दुबळा पडला आहे. थंडीत घट्ट झालेले तेल हे त्याचे नेहमीचे कारण होय. उडालेली कवचेही बोलकी असतात : बुडाजवळ चकाकणारे वलय हेडस्पेस वाढल्याचे, तर पार सपाट झालेली टोपी बहुधा अतिदाबाचे चिन्ह असते.

दोन दोषांबाबत विशेष सावधगिरी लागते. बार न झाल्यास दारू उशिराने पेटण्याचा संभव असतो. म्हणून नळी सुरक्षित दिशेस ठेवून किमान अर्धा मिनिट थांबल्यावरच बोल्ट उघडतात. आवाज नेहमीपेक्षा क्षीण आला, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. अशा वेळी दुसरी गोळी झाडल्यास नळी फुटते. म्हणून शस्त्र रिकामे करून नळी आरपार मोकळी असल्याची खात्री केल्याखेरीज पुढे जात नाहीत.

निगा : जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. त्याच्या ज्वलनानंतर मागे राहणारे पोटॅशियम क्लोराइड हे मिठासारखे लवण हवेतील ओल शोषून नळीस एका रात्रीत गंज चढवू शकते. ते तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून अशी काडतुसे वापरल्यावर नळी आधी कढत पाण्याने धुऊन, कोरडी करून मगच तेल लावतात. केवळ तेल लावणाऱ्यांच्या कित्येक नळ्या आतून खवल्या गेल्या. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात शस्त्र चामड्याच्या म्यानात ठेवणे टाळावे. चामड्यात साठलेली ओल पोलादास बाधते.

कायदा : अ. सं. सं.मध्ये १९३४ च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्यान्वये १६ इंचांहून (४०·६ सेंमी.) आखूड नळीची रायफल, १८ इंचांहून (४५·७ सेंमी.) आखूड नळीची छऱ्याची बंदूक, ध्वनिशामक व स्वयंचलित शस्त्रे यांची नोंदणी आवश्यक आहे, नळी कापताना मोजमापात झालेली चूकही म्हणून गुन्हा ठरू शकते. भारतात परिस्थिती मुळातच वेगळी आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ अन्वये शस्त्रांची निर्मिती, रूपांतर, दुरुस्ती व चाचणी यांच्या व्यवसायास परवाना लागतो. कलम ६ अन्वये नळी आखूड करण्यास किंवा नकली शस्त्र खरे बनविण्यास परवाना लागतो. आणि कलम ८ अन्वये शस्त्रावरील ओळखचिन्ह पुसण्यास वा बदलण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली व शिक्षाही वाढल्या. त्यामुळे भारतीय परवानाधारकाचे हौशी काम साफसफाई, तेलपाणी व दोष ओळखणे यांपुरते मर्यादित राहते. पुढील काम परवानाधारक कारागिराकडे सोपवावे लागते.

भारतातील परवानाधारकांच्या परिचयाची .३१५ रायफल हीही एका कायदेशीर निर्बंधातून आली आहे. .३०३ हे लष्करी काडतूस ब्रिटिश अमदानीत खाजगी धारकांना निषिद्ध असल्याने ली-एन्फील्डच्याच धर्तीची, पण वेगळ्या काडतुसाची रायफल नागरिकांसाठी बनविली गेली. स्वातंत्र्यानंतर ईशापूर येथील सरकारी कारखान्याने तिचे उत्पादन केले.

क्रीडानेमबाजीत मात्र फेरबदल हा खेळाचाच भाग असतो. स्पर्धेच्या रायफलीचा गालटेकू, खांद्याची पट्टी व चापाचे स्थान ही सर्व पेचांनी सरकविता येतात, आणि नेमबाज आपल्या नळीस मानवणारा काडतुसांचा गट चाचणी घेऊन निवडतो. महाराष्ट्रातील तेजस्विनी सावंत (५० मी. रायफल प्रोनमध्ये २०१० ची जगज्जेती) व स्वप्निल कुसळे (५० मी. रायफल त्रिस्थिती प्रकारात २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक) यांच्या क्रीडाप्रकारांत ही जुळवणी महिनोन्‌महिने चालते. तिच्यात दाब सहन करणाऱ्या भागांना हात लावावा लागत नाही. शस्त्र माणसाच्या मापाचे करणे एवढाच तिचा हेतू असतो.